रोटरी आणि रेडियल ही दोन वेगळी इंजिनं आहेत

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत जुन्या विमानांच्या इंजिनांवर लेख आला, वाचून फार बरं वाटलं कारण आपल्याकडं या विषयावर कोण लिहीतच नाही. पण त्यात रोटरी आणि रेडियल ही एकाच इंजिनाची दोन नावं असं छापलंय ते चूक आहे, आणि तेवढ्यासाठी हे पत्र.

दोन्हीत सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल लावलेले असतात, त्यामुळं फोटोत सारखीच दिसतात हे कबूल. रेडियलमध्ये सिलिंडर जागेवर आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन जोडलेला मधला दांडा, फिरतो. रोटरीत बरोबर उलटं, क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट आवळलेला आणि सिलिंडर, क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीची पेटी), पंखा असं सगळं मिळून त्याच्याभोवती गरगरतं, मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या आसपास. एवढं लोखंड कशाला फिरवायचं? तर गार राहायला. 1909 च्या सुमाराची विमानं इतकी हळू उडायची की नुसत्या वाऱ्यावर इंजिन थंड होत नव्हतं, आणि पाणी, रेडिएटर घेतलं की वजन वाढलं. फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी सरळ सिलिंडरच वाऱ्यात फिरवले. त्यांचं नोम ओमेगा इंजिन 7 सिलिंडरचं, 50 हॉर्सपॉवरचं, आणि वजन जेमतेम 75 किलो.

मी कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळं माझा जीव अडकतो तो सिलिंडरवर. निकेल स्टीलच्या भरीव फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या गोळ्यातून, आख्खा सिलिंडर कोरून काढायचा, बाहेरच्या फिन्स (गार राहायला ठेवलेल्या पातळ कडा) सुद्धा त्यातच, आणि शेवटी भिंत उरायची दीड मिलिमीटर! ज्यानं कधी पातळ भिंतीच्या जॉबला टूल लावलंय त्यालाच कळेल, जॉब थरथरायला लागतो, आवाज बदलतो, हात आपोआप मागं येतो. त्या काळी कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन नव्हतं की कार्बाइडचं कडक टूल नव्हतं. संग्राहक लोक या इंजिनांसाठी वेडे का होतात ते मला इथं कळतं, कारण कारागिरी कव्हरखाली झाकलेली नाही, सगळी उघडी डोळ्यासमोर. ल रोन हे दुसरं फ्रेंच रोटरी इंजिन तर त्याच्या तांब्याच्या पाइपांवरून लांबूनच ओळखू येतं.

मुलगा इंग्लंडला नोकरीला आहे, त्याच्याकडं गेलो तेव्हा बेडफर्डशरमधलं शटलवर्थ कलेक्शन हे जुन्या विमानांचं संग्रहालय बघितलं. तिथलं ॲव्ह्रो 504 के हे जुनं ब्रिटिश विमान चालू केलं, त्यात 110 हॉर्सपॉवरचं ल रोन, आणि धुराचा वास आला तो थेट आमच्या गावच्या बैलगाडीचा. एरंडेल हो! आजोबा गाडीच्या आखाला एरंडेलाचं वंगण घालायचे. रोटरीत पेट्रोलची वाफ पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येते, साधं खनिज ऑइल त्यात विरघळून जातं, एरंडेल सहजासहजी विरघळत नाही म्हणून तेच वापरायचे. ते परत टाकीत येत नाही, धुराबरोबर बाहेर उडतं, विमानाच्या पोटावर आणि पायलटच्या तोंडावर. आपल्या गाडीसारखा ॲक्सिलरेटर पण नाही, हवा आणि पेट्रोल दोन वेगळ्या दांड्यांनी जुळवायचं आणि उतरताना बटन दाबून इग्निशन, म्हणजे ठिणगी, तोडायचं, सोडायचं, परत तोडायचं. तो तुटक आवाज ऐकताना अंगावर काटा आला. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान सॉपविथ कॅमल पण रोटरीवरच, आणि 1917 ला आपला भारतीय पायलट हरदितसिंग मलिक तेच उडवत होता, ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती.

आता न्यूझीलंडमध्ये नोम आणि जर्मन ओबरउर्सेल ही रोटरी इंजिनं नव्यानं बनवतात, जुनी बघून, मापं घेऊन. जुनं जपलं म्हणून मापं तरी मिळाली. आमच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन मी कामावर असताना भावानं भंगारात दिलं, संध्याकाळी आलो तर फ्लायव्हीलचे घणानं तीन तुकडे केलेले आणि काट्यावर वजन चाललेलं. त्या इंजिनाचं नाव सुद्धा टिपून ठेवलं नव्हतं. मिरज, तासगाव भागात कुणाच्या गोठ्यात असं इंजिन पडलं असेल तर भंगारात देण्याआधी निदान मापं आणि फोटो घ्या, नंबरप्लेट काढून ठेवा.

आणि साहेब, पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना रोटरीचं आडवं कापलेलं चित्र टाका, न फिरणारा क्रँकशाफ्ट वेगळ्या रंगात दाखवून. आमच्याकडं येणारी आयटीआयची पोरं तुमची पुरवणी कापून वहीत चिकटवतात.

तुमचा एक जुना वाचक,
कुपवाड, जि. सांगली