प्रसार भारतीला पैसे द्या, पण मंत्रालयाच्या हातून नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. आकाशवाणी-दूरदर्शन म्हणजे पांढरा हत्ती, करदात्याच्या पैशावर पोसलेला सरकारी भोंगा, अमेरिकेने बघा कसं एका फटक्यात सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं फंडिंग बंद केलं, आपणही करून टाका, असा एकूण सूर. वाचून राग आला असं काही नाही, अर्धं पत्र तर मला पटलंच. भोंगा झालाय हे खरंच आहे, संध्याकाळच्या बातम्या लावा, कुठल्या मंत्र्याने कुठे फीत कापली एवढंच कळतं. पण सरकार पैसे देतं म्हणून भोंगा झाला, हे त्यांचं म्हणणं काही पटेना. सरकार पैसे कसे देतं, कोणाच्या सहीने देतं, कशासाठी देतं, खरी गोम तिथे आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र, काटछाट करावीशी वाटली तर खुशाल करा.

आधी हिशोब मांडते. आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही चालवणाऱ्या प्रसार भारतीला केंद्राच्या बजेटमधून वर्षाला साधारण अडीच हजार कोटींच्या आसपास मिळतात, एखाद्या वर्षी थोडे जास्त. आकडा ऐकला की डोळे पांढरे होतात, पण १४० कोटी लोकांनी भागा, माणशी वर्षाला १८ रुपये पडतात, म्हणजे वडापावसुद्धा येत नाही त्यात हल्ली. आणि ज्यांना हे जास्त वाटतंय त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, पूर्वी रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन वर्षाचे १५ रुपये भरायचे आणि त्या पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, टीव्हीला तर ५० रुपये होते. तेव्हाचे १५ रुपये म्हणजे किती ते वेगळं सांगायला नको. १९८५च्या सुमारास ते लायसन्स रद्द झालं, सगळे खूश झाले, कटकट गेली म्हणून. पण त्या दिवसापासून रेडिओचा मालक बदलला हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तोपर्यंत निदान म्हणता तरी यायचं की बाबांनो आम्ही पैसे भरतो, आमचं ऐका (ऐकत कोणीच नव्हतं ते सोडा). नंतर मधला धागाच तुटला, आता पैसे देणार मंत्रालय आणि तोंड बघायचं तेही मंत्रालयाचंच.

आता अमेरिकेचं. गृहस्थांनी उदाहरण दिलं पण अर्धंच दिलं. तिथे १९६७च्या कायद्याने कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग नावाची संस्था काढली होती, ती मुद्दाम मधे ठेवली होती, म्हणजे सरकारचा पैसा थेट स्टेशनच्या हातात जायला नको आणि उद्या कोणी फोन करून दम द्यायला नको. पैसे पण दोन वर्षं आधी मंजूर करून ठेवायचे, दरवर्षी हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून. २०२५च्या जुलैमध्ये तिथल्या काँग्रेसने पुढच्या दोन वर्षांसाठी मंजूर झालेले ११० कोटी डॉलर परत घेतले आणि ऑगस्टमध्ये त्या संस्थेने आवराआवर सुरू केली. ह्यात मार कोणाला बसला? त्या पैशातला सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा गावोगावच्या लोकल स्टेशन्सना जायचा. न्यूयॉर्क-बोस्टनवाल्यांना देणगीदार आहेत, ते तगतील. अलास्कातल्या एखाद्या कोपऱ्यातलं स्टेशन, जिथे वादळाचा इशारा पण तेच देतं, त्याला कोण देणगी देणार? मला ह्यातून एवढंच दिसतं की त्यांनी मधे भिंत बांधली होती पण ती बुटकी निघाली, एका मतदानात ओलांडली. आपल्याकडे तर भिंतच नाही.

ह्याच्या उलट जर्मनी बघा. तिथे घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट सक्तीने द्यावे लागतात, घरात टीव्ही असो वा नसो, लोक कुरकुर करतात आणि भरतात. पण रक्कम किती असावी हे मंत्री ठरवत नाही, त्यासाठी एक स्वतंत्र आयोग आहे, तो हिशोब तपासून आकडा सुचवतो. १७.५० वरून १८.३६ करायचं ठरलं तेव्हा एका राज्याने आडमुठेपणा करून वाढ अडवून धरली, तर २०२१मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरळ सांगितलं की असं अडवता येणार नाही, आणि वाढ लागू करून टाकली. ब्रिटनमध्ये बीबीसीचं लायसन्स २०२५मध्ये वर्षाला १७४.५० पौंड होतं, म्हणजे आपले वीस हजारांच्या घरात, तेवढे द्या असं कोणी म्हणत नाहीये, आपल्याकडे शक्यही नाही. पण आकडा कोण ठरवतो ते बघा एवढंच म्हणणं.

आपल्याकडे सरकारी हात किती जड पडतो त्याची उदाहरणं काही आजची नाहीत, आणि ह्याच सरकारचं नाव घ्यायचंय असंही नाही, सगळ्यांनीच केलंय. १९५२ ते ६२ आपलेच बा. वि. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री होते, शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम खरं होतं, पण त्या प्रेमापोटी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणीच जवळजवळ गायब झाली, आणि अख्खा देश उठून रेडिओ सिलोन ऐकायला लागला. शेवटी १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. एका माणसाची आवड, आणि त्यासाठी कोट्यवधी श्रोते दुसऱ्या देशाच्या स्टेशनवर. मग आणीबाणी आली, ते काय झालं सगळ्यांना माहितीय. १९७७च्या फेब्रुवारीत दिल्लीला रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती तर दूरदर्शनने त्या संध्याकाळी नेहमीचा सोडून गाजलेला सिनेमा लावला, लोकांनी घरी बसावं म्हणून. लोक गेलेच सभेला, तो भाग वेगळा.

त्याच्यानंतर सगळ्यांना स्वायत्ततेचा पुळका आला. ती कशी द्यायची ते सांगायला वर्गीस समिती बसली, मग १९९०मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला, आणि तो अंमलात यायला १९९७ उजाडलं. सात वर्षं नुसता कायदा कपाटात. मधे १९९५ला न्या. पी. बी. सावंतांच्या खंडपीठाचा निकाल आला, रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, ती ना सरकारची मक्तेदारी ना भांडवलदाराची, हे स्वच्छ लिहिलंय त्यात. तो निकाल क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून लागला होता म्हणून लोकांना तेवढं क्रिकेटच आठवतं. कायद्यात २२ खासदारांची एक समिती लिहिलेली आहे, कामकाजावर लक्ष ठेवायला, आणि तक्रारी ऐकायला एक प्रसारण परिषद. दोन्ही कागदावरच राहिल्या. म्हणजे नाव महामंडळ, ठसा स्वायत्त, आणि पाकीट मंत्रालयाच्या खिशात.

आता आतली गोष्ट सांगते. मी काही वर्षं एका जिल्हा केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर म्हणून ड्युट्या केल्यात, नैमित्तिक उद्घोषक म्हणतात कागदावर. महिन्याला ठरावीक ड्युट्या, त्याहून जास्त द्यायच्या नाहीत असा नियम, कारण जास्त दिल्या की माणूस उद्या कोर्टात जाऊन कायम करा म्हणेल. पहाटेची ड्युटी असली की अंधारात रिक्षा शोधत यायचं, संकेतधून, वंदे मातरम्, मग क्यू शीट (कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद) समोर ठेवून एकीकडे आवाज कमी-जास्त करायचा फेडर सांभाळायचा, एकीकडे मुंबईच्या बातम्यांच्या रिलेची वेळ सेकंदाला पकडायची, लॉगबुकात सगळं लिहायचं, आणि मधेच कोणाचा तरी फोन, ताई कालचं ते भजन परत लावा ना. मजा होती. मानधनाचा चेक मात्र कधी तीन महिन्यांनी तर कधी पाच महिन्यांनी यायचा, विचारलं की 'फंड आला नाही वरून' हे ठरलेलं उत्तर. त्याच वेळी आवारात नवीन काहीतरी मशिनरीचे खोके येऊन पडलेले असायचे, ते उघडायला इंजिनियर नाही, कारण जुने रिटायर झाले आणि नवीन भरतीच नाही. नाटक रेकॉर्ड करायला बजेट नाही म्हणून तीच जुनी टेप परत परत, श्रोत्यांना संवाद पाठ झाले होते.

पैसा येत नाही असं नाहीये, येतो, पण येतो कशासाठी ते बघा. ५ ऑक्टोबर २००७च्या आधी लागलेले जे कर्मचारी आहेत ते सरकारी प्रतिनियुक्तीवर धरले जातात, त्यांचा पगार सरकार देतं, ग्रँटचा मोठा भाग तिथे संपतो. (त्यांनी कष्ट केलेत, पगार घ्यायलाच पाहिजे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.) मग २०२३च्या जानेवारीत केंद्राने ट्रान्समीटर, स्टुडिओ वगैरेसाठी २,५३९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली, २०२५-२६ पर्यंतची. चांगलं आहे, यंत्रं पाहिजेतच. पण त्या यंत्रातून वाजवायचं काय? कार्यक्रमांवर होणारा खर्च फारच तोकडा आहे हे प्रसार भारतीचा आढावा घेणाऱ्या पित्रोदा समितीने २०१४मध्येच लिहून दिलंय, तो अहवाल पण त्या १९९०च्या कायद्याशेजारी कपाटात असणार. आपल्याकडे विषय निघाला की लगेच कोणीतरी गीतरामायण काढतं, पुणे केंद्र, १९५५, सीताकांत लाड, गदिमा, बाबूजी. अहो ते सोन्यासारखंच आहे पण त्याला सत्तर वर्षं झाली, तेव्हा एका केंद्र अधिकाऱ्याला वर्षभर चालणारी मालिका ठरवता आली हा त्यातला मुद्दा आहे. आज जिल्हा केंद्रावरच्या माणसाला एक नाटक ठरवता येत नाही. २०२३च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करून संभाजीनगरला हलवायचा निर्णय दिल्लीतून झाला, पुण्यात ओरड झाली तेव्हा कुठे मंत्र्यांनी स्थगिती दिली. निर्णय घेणारेही दिल्लीचे, थांबवणारेही दिल्लीचे, आणि श्रोता आपला तेवढा पेपरात पत्र लिहिणार.

'खासगी चॅनेल आहेत की एवढी' असं त्या पत्रात आहे. आहेत ना. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, द्यायच्याच तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. म्हणजे ह्या देशात रेडिओवर बातमी सांगायचा मक्ता सरकारने स्वतःकडे ठेवलाय आणि वर तेच दुकान बंद करा म्हणायचं, मग रेडिओवर बातमी सांगणार कोण? मी तर म्हणते खासगीवाल्यांनाही परवानगी द्या, त्याने आकाशवाणीचं भलंच होईल. आणि मराठी न्यूज चॅनेलवर संध्याकाळी चार प्रवक्ते एकमेकांवर ओरडत असतात, कापसावरच्या बोंडअळीचं किंवा मासेमारीच्या हवामानाचं तिथे कोणी विचारत नाही, कारण त्याला जाहिरात मिळत नाही, त्यांचा दोष नाही, त्यांचा तो धंदाच आहे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं तेव्हा माझी आत्या मंडणगड तालुक्यात होती. विजेचे खांब आडवे, मोबाईलचे टॉवर बंद, कित्येक दिवस कोणाचा कोणाला फोन नाही. तिच्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता, सेलचं झाकण तुटलेलं म्हणून रबरबँड लावलेला, त्याच्याभोवती वाडीतली दहा-बारा माणसं बसायची, बातम्यांत आपल्या तालुक्याचं नाव येतं का ऐकायला. कोणाचं फोर जी तेव्हा उपयोगाला आलं नाही. असा उपयोग दहा वर्षांतून एकदा होतो म्हणून त्याचा टीआरपी नसतो, आणि टीआरपी नसलेल्या गोष्टीला बाजार पैसे देणार नाही, तिथे सगळ्यांनी मिळूनच पैसे घातले पाहिजेत.

मग करायचं काय. मला विचाराल तर डीडी फ्री डिशवर (दूरदर्शनची फुकटातली डिश सेवा) खासगी चॅनेलना स्लॉट लिलावाने विकून प्रसार भारतीला शेकडो कोटी मिळतात, ते आणि सरकारची ग्रँट मिळून एक वेगळा फंड करा, पाच वर्षांची रक्कम एकदम कायद्याने ठरवा, मधे मंत्रालयाला हात घालता येणार नाही असं. आकडा सुचवायला आयोग नेमा, त्यात वित्त आयोगासारखी माणसं असू देत. त्यातला ठरावीक हिस्सा फक्त कार्यक्रमांसाठी, पगार आणि टॉवरला त्यातून एक पैसा नाही, आणि त्यातलाही निम्मा त्या त्या भाषेच्या केंद्रांनी आपल्या अकलेने खर्च करायचा. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर काय दाखवायचं ते तिच्या वरळीच्या केंद्रात ठरू दे. पणजी केंद्राला कोकणी आणि मराठी दोन्ही सांभाळायचंय, त्यांचं गणित दिल्लीला कसं कळणार? ह्याने उद्याच्या उद्या भोंगा थांबेल असं मी म्हणत नाही, कारण अध्यक्ष कोण नेमतं, बातमी संपादकाला फोन कोणाचा येतो ते प्रश्न आहेतच. पण पुढच्या वर्षीची ग्रँट कापतील ही भीती नसली तर एखादा तरी अधिकारी फोन ठेवून देईल.

महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत, गोव्याचे दोन. कायद्यातली ती २२ खासदारांची समिती नेमणार कधी, आणि गेल्या वर्षीच्या ग्रँटमधून मराठी कार्यक्रम बनवायला नक्की किती रुपये गेले, एवढे दोन प्रश्न यातल्या कोणी लेखी विचारले तरी त्यांचं उत्तर छापायला तुमच्या पेपरात जागा मिळेल ना?

कळावे,
एक माजी नैमित्तिक उद्घोषिका, रत्नागिरी जिल्हा

(नाव छापू नये ही विनंती. मैत्रिणी अजून ड्युट्या करतात आणि त्यांचे चेक यायचेत.)