मुलांना सावरायचे, तर पालकांनाही आधार हवा

महोदय,

युद्धाच्या बातम्यांतील जखमी, भेदरलेल्या मुलांची छायाचित्रे पाहून मन हेलावते आणि मदतीचा ओघही त्यांच्याच नावाने सुरू होतो. मात्र त्या मुलांचा हात धरून चालणाऱ्या आईवडिलांची काय अवस्था आहे, याची विचारपूस फारशी होत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधील लाखो मुलांना शहरांतून खेड्यांत हलवण्यात आले. त्यांतील बहुतेक शाळकरी मुले आईवडिलांविना गेली. पुढे युद्धकाळातच लंडनमध्ये अशा मुलांसाठी संगोपनगृहे चालवणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांना असे दिसून आले की, आईजवळ राहून बॉम्बवर्षाव सोसलेल्या लहानग्यांपेक्षा आईपासून तुटलेली मुले अधिक खचत होती. म्हणून मुलांना धोक्यात ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. पण हलवायचे असेल, तर शक्यतो कुटुंबासह हलवावे.

निर्वासितांच्या छावणीत पोहोचल्यावरही घोर संपत नाही. कालपर्यंत धीट असलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, मोठा आवाज झाला की दचकते किंवा बोलणेच बंद करते. स्वतः आप्त गमावलेली, रात्रंदिवस जागी असलेली आई अशा वेळी चिडते, प्रसंगी हातही उगारते आणि मग एकटीच रडत बसते. भीती बसलेल्या मुलांचे असे वागणे स्वाभाविक असते, त्यावर शिक्षा न करता त्याला जवळ घ्यावे, झोपण्याजेवणाच्या वेळा जमतील तितक्या सांभाळाव्यात, एवढे जरी तिला कोणी तिच्या भाषेत समजावले, तरी तिच्या जिवाला केवढा आधार वाटेल! शिधावाटपाच्या रांगेत एक साधे पत्रक देऊनही हे काम सुरू करता येते.

ताटातूट टाळण्याचे उपायही खर्चिक नाहीत. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये काही पालकांनी मुलांच्या अंगावर पेनाने नाव आणि फोन नंबर लिहिल्याचे जगाने पाहिले. ही वेळ पालकांवर येण्याआधीच नोंदणी करणाऱ्यांनी प्रत्येक लहान मुलाला ओळखपट्टी द्यायला हवी. एकटे सापडलेले मूल अनाथच आहे असे गृहीत धरून घाईने दत्तक देणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. आधी त्याच्या नातेवाइकांचा कसून शोध घेतला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १८ पालकांना संगोपनासाठी साहाय्य देण्याची आणि कलम २२ निर्वासित मुलांच्या कुटुंबीयांचा शोध घेण्यास सहकार्य करण्याची जबाबदारी शासनांवर टाकते. तेव्हा मदतनिधी देणाऱ्या वाचकांनी संबंधित संस्थेला, आपल्या पैशांतून पालकांच्या समुपदेशनासाठी आणि कुटुंबांच्या शोधासाठी किती तरतूद आहे, हे अवश्य विचारावे.

आपला विश्वासू,
एक वाचक