मेलेल्या मोराचा मेंदू तपासा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, हरभरा पेरताना वाळवीसाठी बियाण्याला क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक लावतात. तिफण धुऱ्यावर, म्हणजे बांधाशी वळते तिथं मूठ-दोन मुठी बी उघडंच पडतं आणि सकाळी मोर, तितर, होले नेमके तिथंच उतरतात. नंतर जे दिसतं ते असं: चोचीतून लाळ, अंगाला थरथर, पाय लुळे, नख्या आवळलेल्या. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टेरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. मज्जातंतूंचे संदेश मग थांबतच नाहीत आणि शेवटी श्वास बंद पडतो. हे विष पचवणारी विकरं पक्ष्यांच्या रक्तात फारच कमी, म्हणून ते आपल्याआधी दगावतात.

पण कागदावर हे मरण येत नाही. पक्षी मेले की संशय बर्ड फ्लूचा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, अहवाल निगेटिव्ह आला की सगळे मोकळे! खरं तर मेंदूतलं कोलिनेस्टेरेज मोजलं आणि ते नेहमीच्या निम्म्याहून खाली असलं, तर कारण हाती लागतं. मेलेला पक्षी लगेच बर्फात ठेवायला हवा, एवढंच.

अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये याच गटातलं मोनोक्रोटोफॉस फवारलेल्या शेतांतले नाकतोडे खाऊन स्वेन्सन्स हॉक जातीचे अंदाजे २० हजार शिकारी पक्षी मेले. तिथं शोध घेतला गेला, म्हणून औषध सापडलं आणि पुढे बंदीही आली. आपल्याकडे २०१३ मध्ये त्याच विषानं बिहारच्या गंडामन गावात शाळेतली २३ मुलं गेली, २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणारी माणसं गेली, तरी मोनोक्रोटोफॉसच्या बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडलं. त्याच आदेशानं क्लोरपायरिफॉस थांबवलं ते बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखूपुरतं. हरभरा मोकळाच.

कायमची बंदी केंद्राच्या हातात, हे ठाऊक आहे. शेतकऱ्यालाही दोष देऊ नका. वाळवी लागली की रोपं वाळतात, आणि कृषी केंद्रवाला देईल तेच तो लावतो. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पशुसंवर्धन आणि वनखात्याला सोबत घेऊन नागपूर व परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत या चाचणीची सोय करा आणि शेतात सापडलेल्या प्रत्येक मेलेल्या मोराचा नमुना तिथं जाईल असं पाहा. आणि धुऱ्यावरचं उघडं बी मातीआड करायला कृषी सहायकांनी गावोगाव सांगावं. त्याला पैसाही लागत नाही.

हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरात सुरू होते. आदेश त्याआधी निघावा.

आपला,
विदर्भातला एक कोरडवाहू शेतकरी