बोळाचा कागद वाचून झाला, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता आणि मग रात्रभर छताकडे बघत पडता, असं आई सांगते. म्हणून लिहितेय. आई, आधी तू वाच. बाबांची रात्रीची गोळी आणि जेवण झालं की मग त्यांना वाचून दाखव, सावकाश.

मंगळवारी मी आपल्या आणि शेजारच्या काकूंच्या घरांमधल्या बोळाच्या मोजणीच्या अर्जावर सही करून आले, तुम्ही दिलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारानं. बाबा, अर्ज आपल्या एकट्यांचा नाही. त्यावर काकूंचीही सही आहे. आणि बिल्डरच्या माणसानं आणलेल्या प्रतिज्ञापत्रावर मी सही केलेली नाही, करणारही नाही. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून चिपळूणहून इथे हजर झाला असतात, आणि बायपासला अजून पाच महिनेही झालेले नाहीत.

मी उतावीळपणे काही केलेलं नाही. दोन महिने याच्याच मागे होते. पहिल्यांदा आपली मिळकत पत्रिका काढली, मग काकूंची. दोन्ही पत्रिकांत तो बोळ नाही. नकाशात दोन घरांच्या मध्ये एक बारीक पट्टी दिसते आणि तिच्यावर नंबरच नाही. नोंदलेल्या दस्तांची यादी, म्हणजे सूची क्रमांक दोन, ऑनलाइन १९८५ पासूनची मिळते, त्यात काही नाही. त्याच्या मागचं शोधायला ठाण्याला गेले, कारण आपलं मुलुंड ठाणे जिल्ह्यातून बृहन्मुंबईत आलं १९५७ मध्ये आणि आप्पा आजोबांचा बोळाचा कागद १९४९ चा. तिथेही दस्त नोंदलेला नाही. तुम्ही नेहमी म्हणायचात, "शंभर रुपयांच्या आतल्या जागेला नोंदणी लागत नाही, ताबा दिला की झालं." मी वकिलांना विचारलं. तुमचं म्हणणं कायद्यानं बरोबर आहे, बाबा. आप्पांनी साठ रुपये दिले होते, म्हणजे नोंदणी झाली नाही एवढ्यावरून तो कागद फुकट जात नाही. हे ऐकून मला इतका आनंद झाला होता की तिथूनच तुम्हाला फोन लावणार होते.

पण कागदात काय लिहिलंय ते आपल्यापैकी कुणीच नीट वाचलेलं नव्हतं. आपण सगळे आप्पांच्या तोंडचं ऐकत आलो. फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखाचं कार्यालय आहे, तिथे मोडी वाचणाऱ्यांची चौकशी केली आणि एका वयस्कर जाणकारांकडे कागद घेऊन गेले. ट्रंकेतल्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेला, घडीवर हात लागू दिला नाही. त्यांनी भिंग धरलं आणि आपण ज्याला "वाटा" म्हणतो त्या शब्दावर बोट ठेवलं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे पुढचा काना मागच्या अक्षराचा वाटतो. ते म्हणाले, "पुढे बघा ना, 'दिली असे' आहे. वाटा असता तर 'दिला असे' आलं असतं. ही वाट आहे. जाणेयेणेची वाट दिली असे."

मी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. 'दिली'च आहे, बाबा.

म्हणजे काकूंच्या सासऱ्यांनी आप्पांना जमीन विकली नव्हती. मागच्या विहिरीवर जायला कायमची वाट दिली होती, साठ रुपये घेऊन. मग मी नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही काढायला लावली. त्यात त्या पट्टीपुढे "सामाईक बोळ" असा शेरा आहे आणि दोन्ही घरांचे नंबर आहेत. म्हणजे त्या वेळी चौकशीला आलेल्या माणसाला दोन्ही घरांनी एकच सांगितलेलं दिसतं, भांडण न करता. तेव्हा उत्तर द्यायला आप्पाच असणार.

आप्पा खोटं बोलले असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांच्या मनात ती जागा आपलीच होती, कारण ते रोज त्यावरून चालत होते. आणि तुम्ही बापाच्या शब्दासाठी बोळाला लावलेली ती जाळी अकरा वर्षं राखलीत. यात चूक कसली?

प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की बारा वर्षांहून जास्त काळ बोळाचा ताबा आपल्या एकट्यांकडे आहे आणि इतर कुणी तो वापरत नाही. काकू रोज सकाळी त्यांच्या बाजूनं बोळात येऊन तुळशीला पाणी घालतात, हे मी खिडकीतून बघते. शपथेवर उलटं कसं लिहू? शिवाय दोन्ही घरं "माझी-माझी" करत राहिली आणि कुणालाच सिद्ध करता आलं नाही, तर मालक नसलेली जमीन महसूल कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारची. नंबर नाही म्हणून आपली, असं होत नाही. दोघांनी मिळून "सामाईक" सांगितलं तर निदान नोंदवहीचा आधार तरी राहतो. बिल्डरच्या माणसाला हेच सांगितलं. तो तीनदा येऊन गेला, आता येत नाही.

काकूंकडे मी गेले ती माझी मी, एका रविवारी दुपारी. तुम्हाला याचंच सर्वांत जास्त लागेल. मी कागदाची झेरॉक्स समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या आणि आमसुलाचं सार घेऊन आल्या, त्याच कान तुटलेल्या पितळी पातेल्यातून. आई, तुला ते पातेलं आठवेल. २६ जुलै २००५ ला तुम्ही दोघं अडकला होतात, तेव्हा बोळातून पाण्यात चालत येऊन काकू त्याच पातेल्यात मला आणि दादाला खिचडी देऊन गेल्या होत्या. तेव्हा तिथे जाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबा दादरहून चालत आले आणि मला खांद्यावर घेऊन तो बोळ ओलांडून विहिरीची पाणीपातळी दाखवायला गेले. तुमचा शर्ट ओला होता आणि मला त्याला चिखलाचा वास येत होता. मी तुमच्या कानाला धरून बसले होते.

जाळी मी काढलेली नाही. ती तुम्ही काढायची, किंवा काढू नका, मी हात लावणार नाही. मोगऱ्याच्या कुंड्या तशाच आहेत, एकाला कळ्या आल्यात. कपड्यांचा दगड जागेवर आहे. आरामखुर्चीची कापडी पट्टी फाटली होती, ती नवी घालून घेतली, हिरव्याच रंगाची, म्हणजे तुम्ही आलात की तिथेच बसाल. आईचा पाटा-वरवंटा गच्चीवर नेलेला नाही, घाबरू नकोस आई, माळ्यावरच आहे. नवीन इमारत झाली तरी मी तळमजलाच मागणार आहे, संडास कमोडचा आणि बाथरूममध्ये धरायला दांडी, हे आत्ताच लिहून दिलंय.

आता ऐका. मोजणीची तारीख आली की मी कळवेन, पण तुम्ही यायचं नाही. दादालाही सांगितलंय, तिकीट काढून द्यायचं नाही. काकूंना रागानं फोन करायचा नाही. करायचाच असेल तर चालण्याआधी नको, चालून आल्यावर करा, तेव्हा तुमचा आवाज शांत असतो. रक्तदाब रोज लिहून ठेवा, "ठीक आहे" असं लिहू नका, आकडा लिहा. पापड-लोणचं बंद म्हणजे बंद, आई, त्यांनी मागितलं तरी. पुढच्या तपासणीला जुने सगळे रिपोर्ट न्या, निळ्या फाइलमध्ये आहेत.

आप्पांचा मूळ कागद मी परत ट्रंकेत ठेवला आहे. मोडी वाचणाऱ्यांनी देवनागरीत उतरवून दिलेला कागद या पत्रासोबत पाठवतेय. शेवटून तिसरी ओळ बघा, बाबा. चष्मा लावून बघा. आणि वाचून झालं की मला फोन करा, किती वाजले असतील तरी. रागावायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन. पण नुसतं "बरं बरं" नको.

तुमची,
बाळी