तलावाच्या बांधावर भेटलेल्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. गेल्या वसंतात तलावाच्या बांधावर चार रविवार आपली भेट झाली आणि चारही वेळा आपण आम्हा बापलेकीला आपल्या शेजारी जागा करून दिलीत. तरीही आपले नाव विचारायचे राहूनच गेले. पाणथळीवर पक्ष्यांखेरीज अन्य कोणाची चौकशी करायची नाही, असा पक्षीनिरीक्षकांत जणू अलिखित नियमच आहे. त्यामुळे हे पत्र उघडच लिहीत आहे. तिपाईवरची मोठी दुर्बीण, उन्हाने विटलेली टोपी आणि वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, एवढ्या खुणांवरून आपण स्वतःला ओळखाल, अशी आशा आहे.

माझ्या वडिलांचे वय ७४ आहे आणि त्यांच्या गुडघ्यांचे वय त्याहून थोडे अधिक असावे. त्यांना पक्ष्यांची गोडी लागली ती निवृत्तीनंतर. मला ती त्यांच्यामुळे लागली आणि मग मी त्यांच्यापुढे धावू लागले. पाणथळीला पूर्ण फेरी मारायची, उद्यानातली एकही वाट सोडायची नाही, घरी परतताना यादी लांब झालेली असली पाहिजे, असा माझा खाक्या होता. अर्ध्या वाटेत बाबा थांबत आणि म्हणत, "तू हो पुढे, मी बसतो इथेच." परत आल्यावर मी त्यांना काय काय पाहिले ते वाचून दाखवत असे आणि ते मान डोलावत असत. त्या मान डोलावण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, हे आज लिहिताना बरे वाटत नाही.

आपण पहिल्याच दिवशी बाबांना विचारलेला प्रश्न मला शब्दशः आठवतो : "काका, त्या थापट्या बदकाच्या डोळ्याचा रंग सांगा बरं." बाबांनी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले की, डोळा दिसत नाही. वर्षभर "छान दिसतंय" म्हणणाऱ्या माझ्या वडिलांना प्रत्यक्षात सगळेच धूसर दिसत होते आणि मुलीने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव कसे ठेवायचे म्हणून ते गप्प होते. आपण त्यांचा चष्मा पाहून दुर्बिणीच्या रबरी कडा मागे दुमडल्यात, उजव्या भिंगावर तळहात धरून आधी मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरते चित्र स्पष्ट करायला लावलेत आणि मग डावे भिंग झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी हळूहळू फिरवायला सांगितलीत. त्या कडीला काही काम असते, हे मला ठाऊकच नव्हते. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. बाबांनी पुन्हा पाहिले आणि बांधावरची माणसे वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, "पिवळा! पिवळाधमक आहे गं!"

तेवढ्यावर न थांबता आपण माझ्या खरेदीचीही खोड काढलीत, आणि ती अगदी रास्त होती. बारा पट मोठे दाखवणारी दुर्बीण आठ पटीच्या दुर्बिणीपेक्षा चांगलीच असणार, असा माझा बाळबोध हिशेब होता. ती हाताचा कंपही बारा पट मोठा करते आणि नजरेच्या टप्प्यात पाणीही थोडेच घेते, हे आपण सांगितलेत. मग स्वतःची ८ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगांची दुर्बीण बाबांच्या गळ्यात घालून आपण तीन आठवडे मोठ्या दुर्बिणीवर भागवलेत. अनोळखी माणसाच्या हाती दुर्बीण देणे म्हणजे काय, हे ज्याच्याकडे दुर्बीण आहे त्यालाच कळेल.

परंतु माझे खरे ऋण निराळेच आहे. दुसऱ्या रविवारी मी नेहमीप्रमाणे फेरीला निघाले आणि बाबा नेहमीप्रमाणे "तू हो पुढे" म्हणाले. त्यावर आपण म्हणालात की, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ३० मीटरहून कमी अंतरात, एका जागी राहून केलेल्या निरीक्षणाचा स्वतंत्र प्रकारच आहे. काका बसतात म्हणजे मागे राहत नाहीत, ते वेगळ्या पद्धतीने काम करतात. मग मलाही बसवलेत. वीस मिनिटे काहीच घडले नाही आणि माझी चुळबुळ आपल्या लक्षात आली असणारच. त्यानंतर समोरच्या चिखलातले एक ढेकूळ हलले. त्याला लांब सरळ चोच होती आणि पाठीवर वाळल्या गवतासारखे फिकट पट्टे. तो पाणलावा आम्ही येऊन बसण्याआधीपासून तिथेच होता. त्या काठावरून मी आजवर निदान दहा वेळा घाईघाईने गेले असेन. बाबांनी माझ्याकडे पाहिले, बोलले मात्र काही नाहीत.

मोजणीची दीक्षाही आपलीच. बाबांनी नोकरीची सगळी वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालवली. पक्षी ओळखताना ते अजून अडखळतात, पण मोजायला सांगितले की त्यांचा चेहरा बदलतो. आधी दहा पक्षी एकेक करून मोजावेत, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावे आणि मग तेवढ्या मापाचे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहावे, ही आपली रीत त्यांना प्रथम मुळीच पटली नाही. "हा अदमास झाला, हिशेब नव्हे," असे ते म्हणाले. पण गोल गोल पोहत पाणी ढवळून खाद्य गाळणारे थापटे काही केल्या मोजून होईनात, तेव्हा त्यांनी शरणागती पत्करली. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांचे राखी गळे आणि छात्या आठवड्यागणिक कशा तांबूस होत जातात, हेही आपण आम्हाला एकाच जागेवरून चार आठवडे दाखवलेत. उत्तरेकडे विणीला निघण्यापूर्वीचा तो साज मी पुस्तकात पाहिला होता, पण तो असा हप्त्याहप्त्याने अंगावर चढताना मात्र प्रथमच पाहिला.

उद्यानातील सकाळीही आपल्या सल्ल्याने सुधारल्या. वयानुसार बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी हरपतात. चष्मेवाला नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांचा थवा डोक्यावरून किलबिलत गेला तरी बाबांना तो ऐकू येत नाही, आणि मी ते दुर्लक्ष समजत होते. आता आम्ही कामे वाटून घेतली आहेत. आवाज मी टिपते, झाडाला घड्याळाची तबकडी मानून "दोन वाजता, खालच्या फांदीवर" असे सांगते आणि पक्षी शोधून ओळखण्याचे काम बाबा करतात. आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवणारे मर्लिन अॅप आपण सुचवलेत, ते मोबाइलवर घेतले आहे. पण त्याने सांगितलेला पक्षी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज वहीत चढवायचा नाही, ही आपली अट बाबा माझ्यापेक्षा कडकपणे पाळतात.

आपली दुर्बीण परत केल्यावर आम्ही तशाच मापाची घेतली. यंदा थापटे आले, पाणटिवळे आले, आम्हीही दोन रविवार येऊन बसलो, परंतु आपण दिसला नाहीत. आपण सुखरूप असाल आणि दुसऱ्या एखाद्या पाणथळीवर कोणाची तरी कडी फिरवून देत असाल, असे आम्ही धरून चाललो आहोत. आपण दिलेल्या वेळाबद्दल, दुर्बिणीबद्दल आणि विशेषतः मला खाली बसवल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे.

बाबांचा एक निरोप आहे. शेवटच्या रविवारी पाणटिवळ्यांचा थवा उडाला, तेव्हा आपला आकडा १८० होता आणि त्यांचा १७४. वहीत त्यांनी १७४ लिहून समोर "ताईंचे मत : १८०" अशी शाईने टीप ठेवली आहे. सहा पक्ष्यांचा हा फरक, यंदाचे पाणटिवळे परतण्यापूर्वी बांधावर येऊन समक्ष मिटवावा, असे ते म्हणतात.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
हिशेबनीस काकांची मुलगी