तुमच्या एका प्रश्नासाठी

ताई,
सप्रेम नमस्कार.

दिवसभर तुम्ही कितीतरी जणांचे डोळे तपासता, मी लक्षात असेन असं नाही. उजव्या डोळ्याला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते म्हणणारी बाई, ती मी.

त्याआधी वर्षभरात दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. मोतीबिंदू असेल, असं मीही धरून चालले होते. तुम्ही मात्र भिंगं बदलता बदलता थांबलात आणि विचारलंत, “चेहऱ्याला कधी रेडिएशन घेतलंय का?”

मी चक्रावलेच. नाकाशेजारच्या सायनसचा कॅन्सर, ३३ शेक, आणि तेही संपून दोन वर्षं झालेली! शेक चालू असताना डोळा कोरडा पडायचा, थेंब टाकायचे. त्रास तेवढाच, तो संपला, असं वाटलं होतं. म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं.

तुम्ही कागदावर डोळ्याचा पडदा काढून दाखवलात. किरणांनी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून दुखावतात, पण ते कळायला सहा महिने, कधी तीन वर्षंही जातात. मग त्या झिरपतात, नाहीतर बंद पडतात. मधुमेहात होतं तसंच. आणि मला तर साखरही आहे, म्हणजे धोका जास्तच.

ओसीटीच्या, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो काढणाऱ्या यंत्रावर हनुवटी टेकवली तेव्हा माझं डोकं थरथरत होतं. मागून तुमचा हात आला आणि फोटो निघेपर्यंत मानेखाली तसाच राहिला. तो हात मी विसरणार नाही.

पडद्याच्या मध्यावर सूज निघाली. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सुरू केली. चौकट आता बरीचशी सरळ दिसते. मधोमध एक पुसट डाग राहिलाय, तो जाईलसं वाटत नाही. पण पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो.

शेक देणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी जीव वाचवला. तरी पुढची काही वर्षं बाहुली मोठी करून पडदा तपासत राहा, हे निघताना कुणी ठासून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते तुम्ही सांगितलंत.

तुम्ही दिलेला आडव्या-उभ्या रेघांच्या चौकोनांचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघते. रेघ जरा जरी वाकडी दिसली, तर त्याच दिवशी येईन.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट