जुन्या घड्याळाचा डायल रंगवू नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली पेपरात काय नि मोबाईलवर काय, महागडं घड्याळ म्हणजे गुंतवणूक हे सारखं वाचायला मिळतंय, रोलेक्सची वेटिंग लिस्ट, पाटेक या स्विस कंपनीच्या घड्याळांचे लिलावातले आकडे वगैरे वगैरे. ज्याच्या खिशाला परवडतं त्याने खुशाल घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण हे वाचून लोकांनी घरातली कपाटं उपसायला सुरुवात केलीये आणि आजोबांचं ओमेगा किंवा फेवर ल्युबा, नाहीतर वडिलांचं एचएमटी सापडलं की थेट दुकानात जाऊन सांगतात, "एकदम नवं करून द्या". हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो.

कारण नवं करणं म्हणजे काय, तर डायल खरवडायचा, रंग मारायचा, वर कंपनीचं नाव नव्याने छापायचं आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, बफ मारून ती चकाचक करायची. दिसायला झकास दिसतं, घरचे खूश, आणि घड्याळाची किंमत तिथल्या तिथे पडलेली असते. अहो, जगभरच्या घड्याळवेड्यांमध्ये 'मुंबई स्पेशल' हा शब्द कशासाठी वापरतात माहितीये का? आपल्याकडून ऑनलाइन विकायला जाणाऱ्या, डायल रंगवलेल्या, पाच घड्याळांचे पार्ट एकत्र करून जुळवलेल्या मालासाठी. जपानी सीको कंपनीच्या 'सीको ५' वर असले भडक डायल की सीकोवालेसुद्धा ओळखणार नाहीत. आपल्या शहराचं नाव असं निघावं याचं मला तरी वाईट वाटतं.

मशीनचं तसं नसतं. स्प्रिंग तुटली बदला, आतल्या झुलत्या चाकाचा, म्हणजे बॅलन्सचा, दांडा मोडला तर नवीन घाला, साफ करून तेल द्या, कोणी नाक मुरडत नाही. डायल मात्र एकदा खरवडला की गेला, तो परत येत नाही, आणि जाणकार माणूस पैसे मोजतो ते मुख्यतः त्याचेच. पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. आता त्यात त्याच्या नावाचे पैसे होते हे कबूल, पण न्यूमनच्या घड्याळासारख्या वेगळ्या धाटणीच्या डायलची बाकीच्या लोकांची डेटोनासुद्धा त्याच काळातल्या साध्या डायलच्या डेटोनापेक्षा कितीतरी महाग जाते, मशीन तेच असून. आणि न्यूमनच्या घड्याळाच्या पाठीवर बायकोने 'गाडी जपून चालव, मी' अशा अर्थाचं कोरून घेतलं होतं, ते कोणी घासून काढलं नाही. नाहीतर आपल्याकडे! माझ्या मामांना गिरणीतून रिटायर होताना मिळालेल्या घड्याळाच्या पाठीवर त्यांचं नाव, खात्याचं नाव आणि तारीख होती, सर्व्हिसिंगला दिलं तर दुकानदाराने न विचारता बफ मारून पाठ आरशासारखी गुळगुळीत करून दिली आणि वर "पॉलिशचे वेगळे घेतले नाहीत" असं ऐकवलं. केसच्या कडा पण गोल झाल्या, जिथे पट्टा बसतो ते कोपरे झिजले ते वेगळंच.

विकत घेणाऱ्यांनी काय बघायचं? दहापट मोठं दाखवणारं डोळ्याला लावायचं भिंग असतं ना, घड्याळजी लावतात ते, ते स्वस्तात मिळतं, घ्या एक. कंपनीचं छापकाम बारीक, ठसठशीत आणि कडा स्वच्छ असतात, रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड नि पसरट येतात, मिनिटाच्या रेघा वाकड्यातिकड्या, आणि स्विस घड्याळ असेल तर सहाच्या खाली बहुधा 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असायला हवं तिथे काहीच नसतं किंवा भलतीकडेच असतं. साठ वर्षांचं घड्याळ आणि डायल कालच दुकानातून आणल्यासारखा, काटे मात्र पिवळे पडलेले, असं दिसलं की सावध व्हा. एचएमटीचं तर विचारूच नका. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरात सुरू झालेला कारभार, २०१६ मध्ये बंद पडला आणि त्यानंतर त्यांच्या पायलट, जनता या मॉडेलांच्या मागे लोक असे लागले की नवीन छापलेल्या डायलचे पायलट ढिगाने दिसतात.

आणखी एक, रेडियमवाल्या जुन्या घड्याळाचा डायल खरवडू तर नकाच. अंधारात चमकायचं बंद झालं म्हणजे रेडियम संपलं असं नसतं, चमकणारी पावडर मेलेली असते, रेडियम शेकडो वर्षं तसंच राहतं आणि ती धूळ नाकातोंडात जाणं वाईट.

आता रंगवणाऱ्या कारागिरांना नुसतं झोडपणंही बरोबर नाही. एक काळ असा होता की परदेशी घड्याळ सरळ मार्गाने मिळणं मुश्कील, १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या १२३ व्या कलमात सोन्याच्या पंगतीला घड्याळांचं नाव आहे, म्हणजे माल चोरटा असल्याचा वाजवी संशय घेऊन जप्त केला तर तो तसा नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं! नवीन डायल कुठून आणणार? त्यात आपली दमट हवा, डायलवर ठिपके येणारच, आणि माणसाला रोज ऑफिसला घालायला एकच घड्याळ. तेव्हा हाताने बारीक अक्षरं काढून देणारा माणूस उपयोगाचा होता, आणि त्याच्या हातात कला होती हे मान्यच. पण आज तीच वस्तू 'ओरिजिनल व्हिंटेज' म्हणून विकणं ही फसवणूक आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

नवीन महागडं घड्याळ घेणाऱ्यांनीही कान द्या. ओमेगा पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग करा म्हणते, रोलेक्स साधारण दहा वर्षांनी, आणि तो खर्च घेताना कोणी धरत नाही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्येही न सांगता पॉलिश होऊ शकतं, डायल-काटे बदलू शकतात, त्यामुळे देतानाच कागदावर लिहून घ्या की पॉलिश नको, डायल-काट्यांना हात नको आणि काढलेले पार्ट परत हवेत. पावसाळ्यात जुनं घड्याळ घालून फिरू नका, मागे 'वॉटरप्रूफ' लिहिलं असलं तरी आतली रबरी रिंग कधीच कडक झालेली असते. काचेखाली वाफ धरली तर उन्हात ठेवत बसू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, गंज लागायला वेळ लागत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की जुनी घड्याळं विकणाऱ्या दुकानदारांनी बिलावर स्पष्ट लिहावं, डायल मूळचा की रंगवलेला, काटे, चावी, केस कुठली बदललेली आहे ते. व्यापारी संघटनांनी हे मनावर घेतलं तर छापील बिलात एक रकाना वाढवायचा आहे फक्त. आणि ग्राहकांनी, दुकानदार ते लिहून द्यायला तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

आपला,
एक घड्याळवेडा वाचक, ठाणे